बुद्धिमंतांचे एकाकीपण

दरवर्षी जून उजाडला की प्रवेशपरीक्षांचे निकाल लागतात आणि वृत्तपत्रांची पाने हसऱ्या चेहऱ्यांनी भरून जातात. पेढा भरविणारी आई, मागे संकोचून उभे राहिलेले वडील आणि मध्ये यशस्वी मुलगा अथवा मुलगी, हे छायाचित्र इतके परिचयाचे झाले आहे की खालचा मजकूर न वाचताच सांगता यावा. रोज बारा-चौदा तास अभ्यास. दोन वर्षांत एका लग्नाला जाणे नाही, जत्रेला नाही. चवथीच्या दिवसांतही शिकवणी चुकविली नाही. खेळ बंद, नाटक बंद, मित्र बंद. हा मजकूर आपण कौतुकाने वाचतो आणि घरातल्या मुलास वाचूनही दाखवितो. या परिश्रमांचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. विद्या कष्टावाचून मिळत नाही, हे आमच्या वाडवडिलांनी कंदिलाच्या उजेडात शिकून सिद्ध केले आहे. परंतु ज्याने सोळाव्या वर्षी माणसांत बसणे सोडले, त्याला एकोणिसाव्या वर्षी परक्या शहरातील वसतिगृहात माणसे जोडण्याची कला कोठून येणार, हा प्रश्न त्या छायाचित्राखाली कोणी विचारीत नाही. तो विचारण्याची वेळ आता टळून चालली आहे.

या प्रश्नाला समाजाने एक सोयीचे उत्तर शोधून ठेवले आहे. ते असे की, शास्त्राकडे वळणारी बुद्धिमान मुले मुळातच एकलकोंडी असतात. त्यांना माणसांपेक्षा समीकरणे प्रिय. ती तशीच असावयाची आणि तशीच राहावयाची. विसराळू प्राध्यापकाच्या विनोदापासून चित्रपटातील विक्षिप्त शास्त्रज्ञापर्यंत सर्वत्र हीच मूर्ती आपण पूजिली आहे. तिच्यात तथ्य किती, हे प्रथम पाहावे.

तथ्य अगदीच नाही असे नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन रो यांनी चौसष्ट नामांकित शास्त्रज्ञांच्या मुलाखती व चाचण्या घेऊन १९५३ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. पदार्थविज्ञान व जीवशास्त्र यांतील पुष्कळ शास्त्रज्ञ तरुणपणी बुजरे होते आणि समाजात उशिरा मिसळले, तर समाजशास्त्रांकडे वळलेले लोक पहिल्यापासून माणसांत रमणारे होते, असे त्यांना आढळले. पुढे २००१ साली केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. स्वमग्नतेशी संबंधित अशी स्वभावलक्षणे सर्वसामान्य माणसांत किती प्रमाणात आढळतात, हे मोजण्याचा तो यत्न होता. केंब्रिज विद्यापीठातील ८४० विद्यार्थ्यांनी ती भरून दिली. मानव्यशास्त्रांच्या विद्यार्थ्यांची सरासरी १६.४ आली, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची १८.५, त्यांतही गणिताच्या विद्यार्थ्यांची २१.५; आणि गणित ऑलिंपियाड जिंकलेल्या सोळा जणांची २४.५. म्हणजे कल दिसतो हे खरे. परंतु याच संशोधकांनी लक्षणीय म्हणून जी सीमारेषा सुचविली ती ३२ ची होती, आणि ऑलिंपियाडच्या विजेत्यांची सरासरीसुद्धा तिच्या बरीच खाली राहिली. शिवाय स्वमग्नता हा काही दोष नव्हे; तो माणसांच्या घडणीतील एक भेद आहे.

दुसऱ्या बाजूसही पुरावा आहे. स्टॅनफर्डचे लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार असामान्य बुद्धीची मुले निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा मागोवा पुढे कित्येक दशके घेतला गेला. हुशार मूल म्हणजे किडकिडीत, चिडके आणि मित्रहीन, ही त्या काळची समजूत. परंतु एकंदरीने पाहता ही मुले प्रकृतीने आणि लोकांत मिसळण्याच्या बाबतीत इतर मुलांहून मागे नव्हती. सारांश काय, तर शास्त्राच्या विद्यार्थ्याचा स्वभाव किंचित अंतर्मुखतेकडे झुकलेला असू शकेल; परंतु बुद्धी आणि एकाकीपण यांची गाठ ब्रह्मदेवाने मारून ठेवलेली नाही.

यासाठी परदेशीच जावयास हवे असे नाही. आमच्या कोकण किनाऱ्यानेच याचे दाखले पुरविले आहेत. दापोली तालुक्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे हे गणिताचे अध्यापक. स्वभावाने ते इतके भिडस्त की चार माणसांत बोलणे त्यांना जड जाई. अशा अबोल गणितज्ञाने विधवांच्या शिक्षणाचा संसार उभा केला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. मुखदुर्बळ माणूस समाजकार्यास निरुपयोगी, असे म्हणणाऱ्यांनी कर्व्यांचे चरित्र पुन्हा एकदा वाचावे. त्यांचे मामेभाऊ रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कर्व्यांच्याच आधाराने शिकले आणि १८९९ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत सर्वप्रथम येऊन सीनियर रँग्लर झाले. या यशामागे परांजप्यांची बुद्धी होती यात शंका नाही. पण तिला आधार होता तो एका नातलगाच्या घराचा, तेथल्या पंगतीचा आणि तेथल्या शिस्तीचा. आणि आमच्या गोमंतकाच्या मातीतले दामोदर धर्मानंद कोसंबी घ्या. १९०७ साली कोसबें येथे जन्मलेला, १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झालेला हा गणिती स्वभावाने तापट आणि परखड म्हणून ओळखला जाई. परंतु तो खोलीत कोंडून घेणाऱ्यांतला नव्हता. दख्खनच्या डोंगरवाटा पायांखाली घालून, गावोगावच्या धनगरांशी आणि शेतकऱ्यांशी बोलून त्याने भारताच्या इतिहासाचे नवे आकलन मांडले. एक भिडस्त, दुसरा व्यवहारकुशल, तिसरा तिखट. तीन गणिती आणि तीन स्वभाव. शास्त्र शिकणाऱ्याचा साचा एकच असतो, असे यानंतर कोणी कसे म्हणावे?

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. एकांत आणि एकाकीपण या दोन गोष्टी एक नव्हेत. एकांत माणूस स्वतः निवडतो. अवघड सिद्धान्ताची उकल बाजारात बसून होत नाही. तेथे दार लावून घ्यावेच लागते, आणि ज्याला असा एकांत साधत नाही त्याच्या हातून शास्त्रात काही भरीव होणेही कठीण. एकाकीपण मात्र निवडलेले नसते, ते वाट्यास येते. एकांतातल्या माणसाला दार उघडून बाहेर येता येते आणि बाहेर कोणीतरी असते. एकाकी माणसाने दार उघडले तरी बाहेर कोणी नसते, किंवा असलेल्यांना हाक कशी मारावी हे त्याला उमगत नाही. बुद्धिमान मुलांना एकांत द्यावा, एकाकीपणापासून त्यांना जपावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

श्रीनिवास रामानुजन यांच्या केंब्रिजमधील दिवसांतील एक आठवण या संदर्भात विसरता येत नाही. १९१४ साली ते तेथे पोहोचले. हार्डींसारखा जगद्विख्यात गणिती त्यांचा सहकारी होता. बुद्धीला जे खाद्य हवे ते सर्व हात जोडून उभे होते. त्या वेळी कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस हेही केंब्रिजमध्ये शिकत होते. थंडीच्या दिवसांत ते रामानुजनांच्या खोलीवर गेले असता, रात्री थंडी वाजते म्हणून हा माणूस अंगावर ओव्हरकोट चढवून झोपतो असे त्यांना समजले. पाहतात तो बिछान्यावर घोंगड्या नीट खोचून ठेवलेल्या होत्या. परंतु त्या उचलून त्यांच्या आत शिरावयाचे असते, हे मद्रासेहून आलेल्या या गणितज्ञाला कोणी सांगितलेच नव्हते. ज्याची सूत्रे उकलण्यात गणितज्ञांची पुढची शंभर वर्षे गेली, तो घोंगड्यांच्या ढिगावर कुडकुडत पडला होता. पुढे आजार आला, महायुद्धामुळे शाकाहारी अन्नाचे हाल झाले, आणि १९१८ साली, ज्या वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले त्याच वर्षी, त्यांनी प्राण देण्याचाही यत्न केला. १९१९ साली ते मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. या दुःखान्ताला अनेक कारणे होती. ते सर्व एकाकीपणाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु घोंगडीची गोष्ट जे सांगते ते साधे आहे: ज्ञानात कितीही उंच गेलेल्या माणसाला, सहज खोलीवर डोकावून ‘काय रे, झोप लागली का?’ असे विचारणारा कोणी लागतो. ती विचारपूस अभ्यासक्रमात नसते.

आज आपल्याकडे हे विचारणारे माणूसच व्यवस्थेतून हद्दपार होत चालले आहे. अभियांत्रिकीच्या संयुक्त प्रवेशपरीक्षेच्या पहिल्या टप्प्याला दरवर्षी दहा लाखांहून अधिक मुले बसतात आणि आयआयटींच्या जागा आहेत सुमारे अठरा हजार. या गणितातून कोटा शहराचा शिकवणी-उद्योग उभा राहिला आणि त्याच्या शाखा आता आपल्या शहरांतही आल्या. शाळेत नाव घालावयाचे, हजेरी मात्र शिकवणीवर्गात द्यावयाची. म्हणजे शाळेतले स्नेहसंमेलन, सहल, भांडण आणि समेट, हे सर्व शिक्षण बाद. शेजारच्या बाकावरचा मुलगा मित्र नव्हे, तो आपल्या क्रमांकाच्या वाटेतील अडथळा. आठवड्याच्या चाचणीचा निकाल भिंतीवर लागतो आणि मुलाची किंमत त्या आठवड्यापुरती ठरते. अशा दोन-तीन वर्षांनंतर जे व्यक्तिमत्त्व तयार होते त्याला आपण ‘शास्त्रज्ञाचा स्वभाव’ असे गोंडस नाव देतो. वास्तविक ती शास्त्राची देणगी नसून स्पर्धेची करणी आहे.

हा रोग नवा आहे असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकातील केंब्रिजला तो जडला होता. तेथेही गणिताच्या परीक्षेसाठी खासगी शिकवणी घेणारे नामांकित गुरू होते, क्रमवार नावे समारंभाने वाचली जात आणि पहिल्या क्रमांकाचा मुलगा देशभर गाजे. त्या क्रमांकांचे पुढे काय झाले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. १८५४ साली पहिला आला एडवर्ड रूथ आणि दुसरा आला जेम्स क्लार्क मॅक्सवेल. रूथने पुढे शिकवणी घेऊन पुष्कळ पहिले क्रमांक घडविले; विद्युत आणि चुंबकत्व यांना एका सूत्रात गुंफणारा मॅक्सवेल मात्र जगाने शास्त्राच्या इतिहासात न्यूटनच्या पंक्तीस नेऊन बसविला. १८४५ साली दुसरा आलेला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, विद्यार्थिदशेत नौकाचालनाची शर्यत जिंकणारा आणि वाद्यवृंदात वाजविणारा होता. १८९८ साली चौथा आलेल्या हार्डीने या पद्धतीवर कडाडून टीका केली आणि १९०९ नंतर क्रमवार नावे जाहीर करण्याची प्रथा केंब्रिजने बंद केली. ज्या क्रमांकाच्या मोहातून केंब्रिज शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बाहेर पडले, त्याच मोहात आपण आज आपली मुले लोटीत आहोत.

आता प्रवेश मिळालेल्या मुलाचे पाहा. गावच्या शाळेत जो बारा वर्षे पहिला होता, तो अशा संस्थेत येतो की जेथे प्रत्येक जण बारा वर्षे पहिलाच होता. शंभर पहिल्यांच्या वर्गात नव्याण्णव जण पहिले येणार नाहीत, ही अंकगणिताची साधी गोष्ट; पण ती सोसण्याची तयारी कोणी करून घेतलेली नसते. ऑस्ट्रेलियात काम केलेले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८४ पासून या विषयावर विस्तृत संशोधन केले. सारख्याच कुवतीची दोन मुले घेतली, तर जे अधिक हुशार मुलांच्या शाळेत जाते त्याचा स्वतःच्या बुद्धीवरील विश्वास तुलनेने कमी होतो, असे त्यांना आढळले. अमेरिकेतील पॉलिन क्लॅन्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ सालीच असे नोंदविले होते की, कर्तबगार स्त्रियांपैकी अनेकींना आपले यश खोटे वाटते आणि आपले पितळ आज ना उद्या उघडे पडेल, अशी भीती त्यांना आतून कुरतडत असते. अशा मनःस्थितीत मुलगा काय करतो? शंका विचारीत नाही, कारण विचारली तर आपले अज्ञान दिसेल. मित्राच्या खोलीवर जात नाही, कारण तेथे सर्व जण पुढे गेलेले असतील. घरी दूरध्वनीवर ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो, कारण घरी अजून ते छायाचित्र चौकटीत लावलेले आहे. शेजारच्या खोलीतला मुलगाही नेमके हेच करीत असतो, आणि दोघांच्या मध्ये एक भिंत असते.

ही भिंत पाडता येते, आणि ती पाडल्याने अभ्यास बुडत नाही, उलट सुधारतो, याचा एक पुरावा आमच्या पालकवर्गाने आवर्जून ध्यानात ठेवावा असा आहे. १९७०च्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्रीसमन नावाचा गणिताचा तरुण अध्यापक एका कोड्याने अस्वस्थ झाला. कलनशास्त्राच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने अनुत्तीर्ण होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चमकत. सहकाऱ्यांना विचारले तर कोणी म्हणे जिद्द कमी, कोणी म्हणे घरचे वातावरण नाही, कोणी म्हणे पूर्वतयारी कच्ची. ट्रीसमनने तर्कावर न विसंबता दोन्ही गटांतील वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि ते प्रत्यक्ष कसा अभ्यास करतात हे महिनोन्‌महिने त्यांच्यासोबत राहून पाहिले. सगळी अनुमाने कोसळली. कृष्णवर्णीय विद्यार्थी आपापल्या शाळांतून पुढे आलेले, मेहनती आणि जिद्दी होते. घरच्यांचा पाठिंबाही होता. मात्र ते एकेकटे अभ्यास करीत. अभ्यास वेगळा आणि मित्र वेगळे, अशी कडक विभागणी त्यांनी केली होती. एखादे उदाहरण अडले की आपण कोठे चुकलो हे सांगणारा कोणी नसे. चिनी विद्यार्थी आधी एकटे बसून उदाहरणे सोडवीत आणि मग संध्याकाळी एकत्र जमत. उत्तरे पडताळीत, एकमेकांच्या चुका काढीत, परीक्षेविषयी आणि अध्यापकांविषयी ऐकीव माहितीची देवघेव करीत. त्यांचा अभ्यास आणि त्यांची मैत्री एकाच टेबलाभोवती बसत होती. ट्रीसमनने मग कृष्णवर्णीय व इतर विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा काढली. मागासलेल्यांची उजळणी म्हणून नव्हे, तर हुशारांसाठी अधिक अवघड उदाहरणे असलेली, एकत्र बसून सोडविण्याची. त्या कार्यशाळेतील विद्यार्थ्यांचे निकाल पालटले.

यावर कोणी म्हणेल की आमच्या संस्थांत उत्सवांना काय तोटा आहे? संगीतरजनी होतात, तांत्रिक मेळे भरतात, खेळांचे सामने होतात. हे सर्व होते आणि ते व्हावेही. परंतु गर्दी म्हणजे सोबत नव्हे. दहा हजारांच्या उत्सवात नाचून आलेला मुलगा खोलीवर परतल्यावर पुन्हा एकटाच असू शकतो. हातातल्या भ्रमणध्वनीवर पाचशे ओळखी असतात, पण ताप आला असता पेज आणून देणारा त्यांत एक तरी आहे का, हा खरा हिशेब आहे. दुसरा आक्षेप शिस्तीचा: एकत्र बसले की गप्पा होतात आणि उतारे नकलले जातात. होतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण ट्रीसमनच्या विद्यार्थ्यांनी आधी एकट्याने झुंजून मग एकत्र बसण्याचा जो क्रम पाळला, त्यात या आक्षेपाचे उत्तर आहे. शास्त्राचे आजचे कामही असेच चालते. स्वित्झर्लंडच्या सीमेवरील सर्न प्रयोगशाळेतून एखादा शोधनिबंध निघतो तेव्हा त्यावर शेकड्यांनी, प्रसंगी हजारांनी नावे असतात. ज्याला दुसऱ्याशी बोलून आपली चूक कबूल करणे जमत नाही, त्याला उद्याच्या शास्त्रात जागा मिळणे कठीण.

सर्वांच्या वाट्याला येणारे एकाकीपण सारखेच असते, असेही नव्हे. मराठी किंवा कोंकणी माध्यमातून आलेला मुलगा पहिले वर्षभर इंग्रजी बोलण्याच्या धास्तीने गप्प बसतो आणि ते गप्प बसणे ‘अंतर्मुख स्वभाव’ म्हणून नोंदले जाते. राखीव जागेवर आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ‘तुझा रँक किती?’ असे विचारले जाते. या तीन शब्दांत विचारणाऱ्याला त्याची जात काढावयाची असते, हे दोघांनाही माहीत असते. ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला, त्याला आपली अडचण घरी समजावून सांगण्याची भाषाच नसते. मुलींचे तर आणखी निराळे. आयआयटींमध्ये मुलींची संख्या वाढावी म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या. तरी वर्गात त्या आजही थोड्याच असतात आणि रात्री उशिरा मुले जेथे मिळून उदाहरणे सोडवितात तेथे त्यांना मज्जाव असतो. भिंती अनेक आहेत. फक्त खोलीची भिंत पाडून भागणार नाही.

हा केवळ स्वभावसौंदर्याचा प्रश्न असता तर त्यावर अग्रलेख खर्ची घालण्याचे कारण नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. यांत सर्व वयांचे आणि सर्व शाखांचे विद्यार्थी आले. प्रत्येकाचे दुःख निराळे आणि कोणत्याही एका कारणात ते बसविणे उथळपणाचे ठरेल. परंतु नावाजलेल्या तांत्रिक संस्थांतून अशा वार्ता वारंवार याव्यात, आमच्या राज्यातूनही २०२५ साली त्या याव्यात, आणि दर वेळी शेजारच्या खोलीतल्यांनी ‘आम्हांस काहीच कल्पना नव्हती’ असे म्हणावे, यातच एकाकीपणाचा पुरावा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले, हे योग्यच झाले. मनाचे ओझे असह्य झालेल्या कोणासाठीही ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे, तिचा उपयोग करण्यात डॉक्टरकडे जाण्याइतकाच कमीपणा आहे, म्हणजे मुळीच नाही. परंतु कृतिदले आणि दूरध्वनी हे अखेरचे आधार होत. पहिला आधार माणसांचाच असावयास हवा.

तो उभारण्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. संस्थांनी पहिल्या वर्षाच्या अवघड विषयांसाठी ट्रीसमनच्या धर्तीवर लहान अभ्यासगट नेमून द्यावेत. त्यांत निरनिराळ्या प्रांतांची, माध्यमांची मुले आणि मुली एकत्र बसवावीत आणि त्यांना वेळापत्रकात तास द्यावा. अध्यापकांनी महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांच्या खानावळीत बसून जेवावे. उपदेश करण्यासाठी नव्हे, नुसते जेवण्यासाठी. क्रमांक भिंतीवर लावण्याची हौस सोडावी. पालकांनी शिकवणीच्या दोन वर्षांतही चवथीचे चार दिवस मुलाला घुमट-आरतीत बसू द्यावे. त्या चार दिवसांनी कोणाची आयआयटी हुकत नाही, आणि हुकलीच तर ती मुलाहून मोठी नव्हे. निकालानंतर घरी आलेल्या मुलास ‘कितवा आलास?’ असे विचारण्यापूर्वी ‘मित्र कोण कोण झाले?’ असे विचारावे.

गोमंतकीय समाजावर तर एक विशेष जबाबदारी आहे. एके काळी आमची मुले शिक्षणासाठी बेळगाव, पुणे, मुंबईची वाट धरीत आणि गिरगावातल्या नातलगांच्या दोन खोल्यांत मावत. आज चित्र पालटले आहे. झुआरीनगर, फर्मागुढी, कुंकळ्ळी, ताळगावचे पठार, येथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली हजारो बुद्धिमान मुले राहतात. चार वर्षे ती आमच्यात असतात आणि समुद्रकिनाऱ्याखेरीज गोव्याचे काहीही न पाहता परत जातात. आणि आमच्या लेखी ती कुंपणापलीकडची मंडळी असतात. पूर्वी आमच्याकडे गरीब विद्यार्थ्याने वार लावून जेवण्याची रीत होती. त्या रीतीला जातीचे कुंपण होते, ते पुन्हा नको. तिच्यात दातृत्वाचा ताठाही होता, तोही नको. परंतु तिच्यात एक गोष्ट अनमोल होती: बुधवारचा मुलगा बुधवारी आला नाही, तर ‘आज का बरे आला नाही?’ असे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात विचारले जात असे. या संस्थांच्या आसपासच्या गावांतील कुटुंबांनी, देवस्थानांनी आणि वाचनालयांनी ठरविले, तर प्रत्येक परप्रांतीय विद्यार्थ्याला चवथीला, दिवाळीला एक घर मिळू शकेल. बिहारहून किंवा तेलंगणातून आलेल्या मुलाने आमच्या ओसरीवर बसून नेवरी खावी, आमच्या मुलाने त्याच्याकडून एखादे अवघड समीकरण समजून घ्यावे, यात कोणाचेच नुकसान नाही.

देशाला शास्त्रज्ञ हवेत, यात वाद नाही. परंतु शास्त्रज्ञ हा आधी माणूस असतो आणि माणूस माणसांतच वाढतो. ज्या मुलांच्या बुद्धीचा आपण अभिमान मिरवितो, त्यांच्या खोलीचे दार अधूनमधून कोणीतरी ठोठावील, एवढी व्यवस्था तरी त्या अभिमानाने करावी. परीक्षेतील गुण ही मुले आपल्या बळावर मिळवितील; सोबत मात्र समाजानेच द्यावयाची असते.